ओआरएसच्या पुडीतले मोल

एक लिटर पाण्यात मिसळायच्या ओआरएसच्या पुडीत जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२च्या सूत्रानुसार १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट आणि १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड असतं. वजनात ग्लुकोज मिठाच्या पाचपट. तरीही पाण्यात विरघळल्यावर ग्लुकोजचे रेणू आणि सोडियमचे आयन संख्येने बरोबरीला येतात. लिटरमागे दोन्ही ७५ मिलिमोल!

हे जमतं कसं? मोल म्हणजे कणांची एक ठरावीक संख्या. ग्लुकोजचा एक मोल १८० ग्रॅमचा, म्हणून १३.५ ग्रॅम म्हणजे ०.०७५ मोल. मिठाचा मोल ५८.५ ग्रॅमचा, त्यामुळे एवढ्याशा मिठातूनही ४४ मिलिमोल सोडियम मिळतं. बाकीचं सायट्रेट पुरवतं, कारण त्याच्या प्रत्येक रेणूमागे सोडियमचे तीन आयन सुटतात.

ही मोजणी आतड्यासाठी आहे. लहान आतड्याच्या पेशींवरचं एक प्रथिन सोडियम आणि ग्लुकोजला जोडीनेच आत घेतं आणि त्यांच्यामागोमाग पाणी शिरतं. रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली प्रागमध्ये ही कल्पना मांडली. पटकीतही ही वाट चालू राहते, आणि माझ्या मते या साऱ्या कथेतली सर्वांत मोलाची गोष्ट तीच. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पाण्यात कालवून रुग्णांना पाजला. त्याने असंख्य जीव वाचले.

आता पेल्याचं गणित. संहतीला, म्हणजे लिटरमागच्या मोलसंख्येला, लिटरमधल्या आकारमानाने गुणलं की मोल मिळतात. नीट कालवलेल्या २०० मिलिलिटर ओआरएसमध्ये ७५ गुणिले ०.२, म्हणजे १५ मिलिमोल सोडियम असतं. पण लिटरची अख्खी पुडी त्याच पेल्यात ओतली तर? सोडियम पुडीतलं सगळं, पंचाहत्तर मिलिमोल. पाणी मात्र एक पंचमांश. संहती होते लिटरमागे ३७५ मिलिमोल. रक्तात सोडियम असतं १४०च्या आसपास. असं दाट द्रावण परासरणाने शरीरातलंच पाणी आतड्यात ओढतं, जुलाब वाढतात आणि रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीवर चढू शकतं. तान्ह्या बाळाच्या बाबतीत हे जिवावर बेतू शकतं.

अर्धी पुडी अर्ध्या लिटरात घालण्याचा मोहही टाळावा, कारण पुडीतली भुकटी सगळीकडे सारखी मिसळलेली असेलच असं नाही. २०० मिलिलिटरच्या छोट्या पुड्याही दुकानात मिळतात. म्हणून पुडी फोडण्याआधी तिच्यावरचा पाण्याचा आकडा वाचावा आणि तेवढं पाणी मोजूनच घ्यावं.