मागचं चाक आयरिश समुद्रात!

व्हाइटहेवनच्या बंदरात आम्ही चौघांनी सायकलींची मागची चाकं आयरिश समुद्रात बुडवली. प्रथाच आहे इथली! पुढचं चाक भिजवायचं ते थेट इंग्लंडच्या दुसऱ्या टोकाला, नॉर्थ सीमध्ये. १९९४ साली सुरू झालेला हा 'सी टू सी' रूट सुमारे २२५ किलोमीटरचा. आम्ही मुद्दाम पाच दिवस काढले. चौघांतला एक महिन्याभरात कायमचा पुण्याला परतणार होता ना!

बहुतेक मंडळी पश्चिमेकडून पूर्वेकडे जातात, म्हणजे वारा पाठीशी राहतो. पण चढावर वारा काय करणार? हार्टसाइडच्या ५८० मीटर उंच खिंडीआधीच माझी पार वाट लागली. 'तुम्ही व्हा पुढे,' मी म्हटलं. तो पुणेकर काही न बोलता सायकलवरून उतरला आणि माझ्याबरोबर चालू लागला. मग बाकीचे दोघंही. माथ्यावरचं प्रसिद्ध कॅफे २०१८ मध्येच जळून गेलंय, म्हणून तिथे बसून घरचा चिवडा फस्त केला.

सन्डरलंडला पुढची चाकं भिजली. फोटो झाले, आरडाओरडा झाला. त्याने मात्र आपलं चाक पाण्यातून काढायला फारच वेळ लावला. आम्हीही घाई केली नाही.