ठोका चुकतो तेव्हा

'काळजाचा ठोका चुकणे' याचा वाक्यात उपयोग करा, असा प्रश्न आम्हाला शाळेत एकदा आला होता. मी निकालाच्या दिवसाबद्दल काहीतरी लिहून एक मार्क पदरात पाडून घेतला. कॉन्व्हेंटच्या मुलीला तेवढं पुष्कळ! पण ठोका खरोखरच चुकतो तेव्हा काय होतं, हे मला वागळे इस्टेटमधल्या मोठ्या काकांमुळे कळलं.

काकांचं तिथे छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन, वेल्डिंगचा सेट आणि चार माणसं. आजूबाजूच्या कितीतरी शेड पाडून तिथे काचेची ऑफिसं झाली, काका मात्र अजून जॉबवर्कच करतात. २०२१ च्या पावसाळ्यात एक दिवस लेथवर उभं असताना त्यांना छातीत कबुतर फडफडल्यासारखं झालं. मग जिना चढताना धाप लागायला लागली. त्यांनी सगळं अॅसिडिटीवर ढकललं आणि सोडा प्यायले. शेवटी काकूने जबरदस्तीने ई.सी.जी. काढायला लावला आणि घरात एक नवीन शब्द आला, एट्रिअल फिब्रिलेशन. आता आम्ही त्याला नुसतं ए.एफ. म्हणतो, जणू कोणी लांबचा नातेवाईकच!

हृदयाला चार कप्पे. वरच्या दोघांना मराठीत कर्णिका म्हणतात (हे मला हा लेख लिहिताना कळलं) आणि खालच्या दोघांना जवनिका. उजव्या कर्णिकेत एक नैसर्गिक पेसमेकर असतो, तो आपण स्वस्थ बसलेले असताना मिनिटाला साधारण ६० ते १०० सिग्नल देतो. आधी कर्णिका आकुंचन पावतात, मग क्षणभराने जवनिका. ए.एफ.मध्ये मात्र कर्णिकांत मिनिटाला ३५० ते ६०० विस्कळीत सिग्नल फिरत राहतात. त्यामुळे कर्णिका धड आकुंचन पावतच नाहीत, नुसत्या थरथरतात. नशीब एवढंच की मध्ये ए.व्ही. नोड नावाचा फिल्टर आहे, तो सगळेच सिग्नल खाली सोडत नाही. जे सुटतात ते केव्हाही सुटतात, म्हणून नाडीला ताल राहत नाही.

हे सिग्नल येतात कुठून? फ्रान्समधल्या बोर्दो शहरातल्या डॉ. मिशेल हाईसागेर यांच्या टीमने १९९८ साली ४५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात आढळलं की वारंवार येणाऱ्या ए.एफ.ची ठिणगी बहुतेक वेळा फुप्फुसांकडून डाव्या कर्णिकेत रक्त आणणाऱ्या शिरांमध्ये पडते. अशा शिरा साधारण चार असतात. मग उपाय सरळ झाला. त्या शिरांच्या तोंडाभोवती अशी रिंग तयार करायची की आतला करंट बाहेर येऊच नये. यालाच अॅब्लेशन म्हणतात. जांघेतल्या शिरेतून कॅथेटर वर नेतात, कर्णिकांमधल्या पडद्यातून डाव्या बाजूला जातात आणि रेडिओफ्रिक्वेन्सीने एकेक ठिपका जाळत रिंग पूर्ण करतात. जळलेल्या जागी व्रण तयार होतो आणि व्रणातून करंट वाहत नाही. काही ठिकाणी जाळण्याऐवजी बलूनने गोठवतात, आणि हल्ली विजेच्या अतिसूक्ष्म पल्सनेही हे काम करता येतं.

काकांचं पहिलं अॅब्लेशन २०२२ च्या सुरुवातीला झालं. दोन दिवसांत घरी आले, नाडी एकदम घड्याळासारखी. काकूने पेढे वाटले. काकांच्या मते मशीन दुरुस्त झालं होतं, आणि दुरुस्त झालेल्या मशीनला रोज कोण औषध पाजतं? डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू ठेवायला बजावून सांगितलं होतं. काकांनी सहा महिन्यांनी ती कोणालाही न विचारता बंद केली. आम्हाला पत्ताच नाही.

नोव्हेंबरमधली गोष्ट. मी सुट्टीच्या दिवशी वर्कशॉपवर डबा घेऊन गेले होते. काकांच्या हातातला चहाचा ग्लास सुटून खाली पडला. ते काहीतरी बोलत होते, पण शब्द जिभेवर जड झाल्यासारखे येत होते. तोंड एका बाजूला किंचित ओढलेलं. मला पुस्तकात वाचलेलं एकही लक्षण आठवेना, पण लेथवरच्या माणसाने थांबून विचार केला नाही. त्याने सरळ रिक्षा बोलावली. हॉस्पिटलला पोचेपर्यंत, म्हणजे दहा-बारा मिनिटांत, काका पुन्हा नीट बोलायला लागले आणि म्हणाले, "अगं, काही नाही झालेलं, चल परत." डॉक्टरांनी त्यांना परत जाऊ दिलं नाही. मेंदूकडे जाणारं रक्त तेवढ्यापुरतं अडलं होतं. ई.सी.जी.वर ए.एफ. परत आलेलं होतं.

माझ्या मते या आजारात सगळ्यात जास्त समजून घ्यायची गोष्ट ही आहे. थरथरणाऱ्या कर्णिकेत रक्त साचून राहतं, विशेषतः डाव्या कर्णिकेला एक छोटा खिसा असतो त्यात. साचलेल्या रक्ताची गुठळी होते आणि ती सुटली की थेट मेंदूकडे जाऊ शकते. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या अभ्यासात ए.एफ. असलेल्यांना स्ट्रोकचा धोका सुमारे पाचपट आढळला होता. अॅब्लेशनमुळे फडफड थांबते, पण गोळी चालू ठेवायची की नाही हे डॉक्टर मुख्यतः वय, बी.पी., डायबिटीस, आधी आलेला झटका यांवरून ठरवतात. काकांचं वय पासष्ट आणि बी.पी. जुनं. नाडी सुरेल लागत होती म्हणून त्यांचा धोका संपला नव्हता. शिवाय ए.एफ. कधीकधी न जाणवताही येतं. आपल्याकडे तर अनेकांना लहानपणच्या संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप आकसून ए.एफ. होतं. तशा रुग्णांना नव्या गोळ्या चालत नाहीत, जुनं वॉरफरिनच घ्यावं लागतं. २०२२ च्या इन्व्हिक्टस चाचणीत त्यांच्यासाठी तेच सरस ठरलं.

मग अॅब्लेशन फेल गेलं का? काका हेच विचारत होते, आणि जरा चिडूनच. मला त्याचं उत्तर त्यांच्याच वेल्डिंगमध्ये सापडलं. प्रोसिजरच्या वेळी जळलेल्या जागेभोवती सूज येते. सुजलेल्या भागातूनही करंट जात नाही, त्यामुळे त्या दिवशी टेस्ट केली तर रिंग पक्की दिसते. काही आठवड्यांनी सूज उतरते, मधला एखादा ठिपका नुसता भाजलेला असतो, मेलेला नसतो, आणि तिथून लीकेज सुरू! टाकीला पिनहोल राहावं तसं. (पहिल्या दोन-तीन महिन्यांत आलेलं ए.एफ. डॉक्टर अपयश म्हणून धरत नाहीत, कारण तेव्हा हृदय चिडलेलंच असतं.) हे सांगितल्यावर काका गप्प झाले आणि मग म्हणाले, "म्हणजे टाका परत मारायचा."

२०२३ मध्ये टाका परत मारला. तरीही वर्षातून दोन-तीनदा ए.एफ. येतं, कारण शिरांशिवाय कर्णिकेची भिंतही वयाने आणि बी.पी.ने खराब होत जाते. पण पूर्वी ते दोन-दोन दिवस टिकायचं, आता काही तासांत जातं. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या कबाना चाचणीत २२०४ रुग्ण होते. त्यात अॅब्लेशनने आयुष्य वाढतं असं ठामपणे सिद्ध झालं नाही, पण त्रास कमी झाला, रोजचं जगणं सुधारलं. काकांचा अनुभव अगदी तसाच.

बाकीची कामं डॉक्टरांची नाहीत, काकांची आहेत. ऑस्ट्रेलियात २०१५ मध्ये दिसून आलं की वजन १०% किंवा जास्त उतरवून ते टिकवणाऱ्या जाड रुग्णांत ए.एफ. बरंच कमी होतं. काकांनी सात किलो उतरवलं, वडापाव आता फक्त शनिवारी. काकू वीस वर्षं घोरण्याची तक्रार करत होती, ती पहिल्यांदा कोणीतरी मनावर घेतली. तपासणीत झोपेत श्वास अडकतो असं निघालं, आणि तेही ए.एफ.ला खतपाणी घालतं. सकाळ-संध्याकाळच्या गोळीचा डबा लेथच्या बाजूच्या फळीवर, गेजच्या शेजारी असतो.

परवा गेले तेव्हा काकांनी स्वतःच हात पुढे केला. मी मनगटावर दोन बोटं ठेवली. ताल नव्हता. "सकाळी दहापासून आलंय," ते म्हणाले, "गोळी घेतली आहे. चक्कर नाही, छातीत दुखत नाही. बस, चहा सांगतो." आणि खुर्ची ओढून, मशीन बंद ठेवून, ए.एफ. जायची वाट बघत बसले.