गाडी मागून बसली, बॉस!

गणपतीच्या आदल्या रात्री मुंबई-गोवा हायवेवर माणगावच्या ट्रॅफिकमध्ये अडकलात (अडकणारच!), तर एक टाइमपास करून बघा. मोबाइल खाली ठेवा आणि पुढच्या गाड्यांची मागची चाकं बघा. दर दुसऱ्या हॅचबॅकचं चाक मडगार्डच्या आत शिरलेलं असतं. आत पाच मोठी माणसं, मांडीवर एक छोटू, डिकीत मखराचं सामान आणि तांदळाची गोणी, वर कॅरियरला ताडपत्रीखाली काय काय बांधलंय ते बाप्पालाच ठाऊक. गाडीचं नाक वर, शेपूट खाली, जणू आता टेकऑफ घेणार.

पेण, नागोठणे, कोलाड, माणगावपर्यंत हे खपून जातं. खड्ड्यात एकदा ‘धाड्’ आवाज येतो, मागच्या सीटवरची मंडळी ओरडतात, विषय संपतो. २०११ साली या हायवेचं चौपदरीकरण सुरू झालं आणि त्यानंतर किती तारखा पडल्या हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. त्यामुळे धाड् आवाजाची सवय सगळ्यांनाच आहे. खरी परीक्षा महाडच्या पुढे. तिथून वीसेक किलोमीटरवर पोलादपूर येतं आणि रस्त्याला दोन तोंडं फुटतात. सरळ गेलात तर कशेडी. डावीकडे वळलात तर आंबेनळी घाट, प्रतापगडाच्या पायथ्याशेजारून थेट महाबळेश्वर. कशेडीचं टेन्शन बोगद्यामुळे कमी झालंय. सप्टेंबर २०२३ मध्ये गणपतीसाठीच त्याची एक बाजू छोट्या गाड्यांना खुली झाली होती. आंबेनळीला असला शॉर्टकट नाही. चाळीसेक किलोमीटरमध्ये तुम्ही तेराशे मीटरच्या वर चढता, तेही पावसात, धुक्यात आणि एकामागून एक वळणांवर.

अशा रस्त्यावर बसलेली गाडी म्हणजे नुसता लूकचा प्रॉब्लेम नाही. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांना इंजिनाची ताकद पुढच्या चाकांवर मिळते. मागे वजन कोंबलं की पुढची चाकं हलकी होतात. चढाच्या ओल्या वळणावर ती जागच्या जागी फिरतात, स्टिअरिंग हवेत असल्यासारखं वाटतं. उताराला ब्रेक मारताना सस्पेन्शनचा प्रवास आधीच संपलेला असतो. म्हणजे पुढचा खड्डा स्प्रिंग झेलत नाही, रबरी स्टॉपर झेलतो आणि गाडी वळणातच उसळी मारते.

यावर मार्केटमध्ये एक फंडा जोरात चालतो. ‘रिअर सस्पेन्शन किट’ नावाखाली काहीही मिळतं. स्प्रिंगच्या वेटोळ्यांत अडकवायचे रबराचे जाड बफर, स्प्रिंगखाली ठेवायचे स्पेसर, जास्त जाडीच्या तारेच्या हेवी ड्युटी स्प्रिंगा, गॅस भरलेले शॉकअब्झॉर्बर. ऑर्डर करा, व्हिडिओ बघा, रविवारी अंगणात बसवा, झालं! ऑफिसात आठवडाभर एक्सेल शीट बडवणाऱ्या माणसाला हाताला ग्रीस लागण्याचं जे सुख आहे, ते मी नाकारणार नाही. पण यातली कुठली वस्तू काय काम करते हे न बघताच पार्सल येतं आणि तिथेच गोची होते.

सगळ्यात मोठा गैरसमज शॉकअब्झॉर्बरबद्दलचा. गॅरेजच्या भाषेत ‘शॉकअप’. लोकांना वाटतं गाडीचं वजन तो उचलतो. नाही हो! वजन उचलते स्प्रिंग. शॉकअपचं काम फक्त स्प्रिंगचं नाचणं थांबवण्याचं. त्यामुळे गाडी बसते म्हणून नवे शॉकअप टाकले तर ती तेवढीच बसणार, फक्त आता सभ्यपणे बसणार. उलट गाडी खड्ड्यानंतर दोन-तीनदा डोलते, शॉकअपच्या अंगावर तेल ओघळलंय, टायर जागोजागी खड्डे पडल्यासारखा झिजलाय, तर स्प्रिंगला दोष देऊ नका, शॉकअप गेलेत.

बफरची गोष्ट वेगळी. तो एका वेटोळ्याची हालचाल बंद करतो, म्हणून स्प्रिंग कडक होते आणि गाडी थोडी वर राहते. हजार-दोन हजारांत, अर्ध्या तासात काम. पण जे काम बंद वेटोळं करत होतं ते उरलेल्यांच्या अंगावर येतं. त्यात रबराच्या फटीत चिखल अडकतो, रंग खरवडला जातो, कोकणच्या पावसात गंज चढतो. गंजलेली स्प्रिंग कुठून मोडते ते वेगळं सांगायला नको. स्पेसर तर नुसता उंची देतो, ताकद शून्य. हेवी ड्युटी स्प्रिंग हा त्यातल्या त्यात खरा उपाय. पण वर्षातले तीनशे दिवस गाडीत तुम्ही एकटेच बसणार असाल, तर ती रोज ऑफिसला जाताना पाठीचा हिशेब घेते.

आणि यातल्या एकाही वस्तूने गाडीची वजन पेलायची क्षमता वाढत नाही. ओनर्स मॅन्युअलमध्ये एकूण वजनाचा आकडा असतो, त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करा. बहुतेक हॅचबॅकमध्ये चारशे-साडेचारशे किलो उरतात. पाच खात्यापित्या घरच्या माणसांनीच त्यातले साडेतीनशे संपवले, मग गोणी कुठे बसवणार? किट टाकल्यावर गाडी वर दिसते, एवढंच. ब्रेक, टायर, चाकांच्या बेअरिंग सगळं तेच जुनं. गाडी बसलेली दिसत नाही म्हणून माणूस आणखी एक पोतं टाकतो, ही यातली खरी भीती.

मी हे सगळं अंगणात होताना बघायला पोलादपूरला गेले होते. आतेभाऊ महाडच्या एमआयडीसीत केमिकल प्लांटवर नोकरीला. रोज जा-ये, वरून महिन्यातून एकदा बायको-पोरांना घेऊन महाबळेश्वर. मे महिन्यातला रविवार, आत्याने अंगणात वाळत घातलेले पापड हलवून जागा करून दिली. दादाने बफर मागवले होते. शेजारचे काका महाडच्या एसटी आगारातून मेकॅनिक म्हणून रिटायर झालेले, ते चहाला म्हणून आले आणि थांबले. आधी त्यांनी डिकीचा एक कोपरा जोरात दाबून सोडला. गाडी तीन वेळा डोलली.

‘‘हे रबर कशाला आणलंस? तुझे शॉकअप मेलेत.’’

‘‘काका, पण मागे वजन टाकलं की बसते ना...’’

‘‘वजन टाकल्यावर बसणारच. तू नाय बसत?’’

बफर बाजूला राहिले. दादा बाइक काढून महाडला गेला आणि नावाजलेल्या कंपनीचे, मूळ मापाचे दोन शॉकअप घेऊन आला. दोन, कारण एकच बदलायचा नसतो. एक नवा आणि एक थकलेला असला की वळणावर गाडीचं एक अंग वेगळं वागतं.

पुढचे तीन तास मी नोट्स काढल्या. तुम्ही घरी करणार असाल तर या कामात अक्कल कुठे लागते ते ऐका. पहिलं म्हणजे हँडब्रेक. तो आपल्या बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांवर लागतो. मागची बाजू जॅकवर उचलली की हँडब्रेक कामातून गेला. म्हणून पुढच्या चाकांना पुढून-मागून दगड लावायचे आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवायची. दुसरं, जमीन. पोलादपुरात सपाट जागा शोधणं हाच एक प्रोजेक्ट आहे. मातीच्या अंगणात जॅक रुततो, म्हणून खाली जाड फळी हवी. गाडीसोबत येणारा जॅक पंक्चरसाठी आहे, खाली डोकं घालायला नाही. स्टँडवर गाडी टेकवल्याशिवाय काकांनी दादाला खाली वाकूच दिलं नाही. चाकाचे नटही गाडी जमिनीवर असतानाच सैल करून घेतले होते, नाहीतर पाना फिरवायच्या नादात गाडी जॅकवरून घसरते.

मागे टॉर्शन बीम असलेल्या गाडीत शॉकअप दोनच जागी बांधलेला असतो. वरचा नट बऱ्याचदा डिकीतल्या कव्हरखाली सापडतो. तो फिरवताना मधला दांडाही फिरत बसतो, म्हणून एका पान्याने दांडा धरायचा. खालचा बोल्ट हा व्हिलन! पाच पावसाळे खाल्लेला बोल्ट एका दमात सुटत नाही. त्यावर आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवावं लागतं. आम्ही मारलं नव्हतं, दीड तास त्यातच गेला आणि आत्याचा दुसरा चहा झाला. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बोल्ट काढण्याआधी बीमखाली दुसरा जॅक हलकेच टेकवायचा. बीमला खाली घसरण्यापासून शॉकअपच अडवत असतो. तो सुटला की बीम लटकतो, ब्रेकचा होजपाइप आणि एबीएसची वायर ताणली जाते, स्प्रिंग आपल्या बैठकीतून निसटते. म्हणूनच एका वेळी एकच बाजू.

नवा शॉकअप लावण्याआधी काकांनी तो उभा धरून तीन-चारदा दाबून सोडला, आतलं तेल-हवा जागच्या जागी यायला. आणि खालचा बोल्ट शेवटचा आवळला तो गाडी पुन्हा चाकांवर उभी राहिल्यावर. हे बऱ्याच व्हिडिओत दाखवत नाहीत. गाडी लटकलेली असताना आवळला तर खाली उतरल्यावर आतलं रबरी बुश कायमचं पिळलेलं राहतं आणि दोन वर्षं टिकणारी वस्तू सहा महिन्यांत चिरते. चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने, मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला आवळायचे आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासायचे. टॉर्क रेंच नसेल तर विकत घ्या. बफरच्या पैशांत साधा येतो.

आणखी एक. हे सगळं मागच्या बाजूचं झालं. पुढच्या बाजूला शॉकअप आणि दाबलेली स्प्रिंग एकाच स्ट्रटमध्ये असतात. ती स्प्रिंग घरी सोडवायला जाऊ नका. निसटली तर जबडा जातो. हिरोगिरी नको, ते काम गॅरेजचं. जुनी गाडी घेताना मात्र मागच्या स्प्रिंगची खालची वाटी जरूर बघा. २२ जुलै २०२१ च्या महापुरात महाडमधल्या किती गाड्या पाण्याखाली उभ्या होत्या आठवतंय ना? सीटकव्हर बदलून मिळतं, वाटीतला वाळलेला गाळ साफ करायला कुणी जात नाही.

कायद्याचंही बघून ठेवा. मूळ मापाचा शॉकअप बदलणं ही साधी दुरुस्ती. पण मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीतल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच ठणकावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे मालकाला पाच हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. गाडी उचलून जीप करायची हौस असेल तर आधी आरटीओला विचारा (रायगडवाल्यांनो, एमएच ०६, पेण) आणि इन्शुरन्स कंपनीलाही कळवा. क्लेमच्या वेळी सर्व्हेअरला तुमचं स्पेसर पहिलं दिसतं.

संध्याकाळी आम्ही आंबेनळीत चक्कर मारली. आधी रिकामी गाडी, मग वाडीतली चार पोरं मागे कोंबून. काकांचं म्हणणं होतं, बरेच लोक भरलेल्या गाडीसाठी मागची बाजू कडक करतात आणि घाटात रिकामे जातात. ते अगदी खरं. मागचं सस्पेन्शन गरजेपेक्षा कडक असलं की रिकाम्या गाडीची शेपूट ओल्या वळणावर आधी सुटते. पावसाळ्यात शेवाळलेल्या डांबरावर हे अनुभवायची तुमची इच्छा नसेल. दादाची गाडी दोन्ही वेळा निमूट वळली. भरल्यावर बसली, हो, बसली. पण नाचली नाही.

बफरचं पार्सल दुसऱ्या दिवशी परत गेलं. त्याऐवजी दादा दोन फुकटच्या गोष्टी करायला लागला. ड्रायव्हरच्या दरवाजाच्या चौकटीवर एक स्टिकर असतो, त्यावर भरलेल्या गाडीसाठी टायरचं वेगळं प्रेशर लिहिलेलं असतं. महाबळेश्वरला निघताना पंपावर तेवढी हवा भरतो. आणि स्टिअरिंगच्या बाजूला ० ते ३ आकड्यांचं एक छोटं चाक असतं, ज्याला आपण कधीच हात लावत नाही. ते हेडलाइटचं आहे. गाडी मागून बसली की लाइट वर जातो आणि घाटातून उतरणाऱ्याच्या थेट डोळ्यांत घुसतो. मागे माणसं-सामान भरलं की ते २ किंवा ३ वर न्यायचं, सामान उतरवलं की पुन्हा ०. पाच वर्षं गाडी चालवणाऱ्या दादाला ते चाक कशाचं हे त्या रविवारीच कळलं. तुमच्या गाडीत ते कुठे आहे, आज पार्किंगमध्ये गेलात की शोधा.