संप आणि सणाचे पार्सल

दिवाळी जवळ आली, की आपल्या पालघर-बोईसर भागात घरोघर कढई चढते. चकल्या होतात, शंकरपाळे होतात. घरचा एखादा मुलगा दूर नोकरीला असतो. त्याच्यासाठी डबा भरतात आणि टपाल कचेरीत देतात. तारापूरच्या कारखान्यांत परमुलखातून कामाला आलेली माणसे आहेत. त्यांच्या घरून त्यांना पार्सले येतात. वसईकडे नाताळात हेच चालते. संक्रांतीला तिळगूळ जातो.

पण ऐन सणात टपालवाल्यांनी संप केला तर? पार्सलाचे काय होते?

मंडळी, एक जुनी हकिकत सांगतो. सन २००० चा डिसेंबर महिना होता. आमच्या शेजारच्या काकूंचा मुलगा पलटणीत होता. उत्तरेकडे कडाक्याची थंडी. काकूंनी लोकरीचा स्वेटर घेतला, तिळाचे लाडू केले, पापड बांधले. सोमवारी, ४ तारखेला, पार्सल टपालात टाकले. दुसऱ्याच दिवशी, ५ डिसेंबरला, देशभर टपालाचा संप सुरू झाला. तो सुमारे दोन आठवडे चालला. सुमारे सहा लाख माणसे संपात होती.

आठ दिवस झाले. काकू रागाने माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "गुरुजी, माझं पार्सल त्या टपालवाल्यानं खाल्लं बघा!"

मी म्हटले, "काकू, बसा. पार्सल कसं जातं ते आधी ऐका."

तेच तुम्हालाही सांगतो. गावात आग लागली, तर आपण विहिरीपासून घरापर्यंत रांग धरतो. बादली या हातातून त्या हातात जाते. पार्सलाचे तसेच आहे. आधी गावची छोटी टपाल कचेरी. तिथून बोईसर किंवा पालघरची मोठी कचेरी. मग छाटणीची कचेरी. तिथे गावागावांचे टपाल निवडून वेगवेगळ्या थैल्यांत भरतात. मग आगगाडी, मोटार किंवा विमान. तिकडे पुन्हा छाटणी. शेवटी पोस्टमन. एवढ्या हातांतला एक हात थांबला, की बादली तिथेच थांबते. ती सांडत नाही, पण पुढेही जात नाही. संपात बहुतेक पार्सले हरवत नाहीत. ती थैलीत बंद पडून राहतात.

"मग संप मिटला, की लगेच पोहोचेल ना?" काकूंनी विचारले.

नाही. इथेच पुष्कळ लोक चुकतात. थोडा हिशेब करू. समजा, एका कचेरीत रोज १०० पार्सले येतात. तिथली माणसे रोज १२५ वाटू शकतात. चार दिवस संप झाला. ४०० पार्सले साचली. संप मिटला, तरी रोजची १०० येतच राहतात. म्हणजे साचलेल्यांतली रोज २५ च कमी होतात. ४०० संपायला किती दिवस लागतील? सोळा दिवस! संप चार दिवसांचा, निस्तरायला सोळा दिवस. सणाच्या दिवसांत तर रोजची आवकही वाढते. मग आणखी उशीर होतो.

आता दुसरी बाजूही पाहू. टपालवाले संप का करतात? आपल्या देशात दीड लाखाहून जास्त टपाल कचेऱ्या आहेत. दहांतल्या नऊ खेड्यांत आहेत. खेड्यातले टपालाचे काम मुख्यतः ग्रामीण डाक सेवक करतात. त्यांना रोज चार-पाच तासांचे काम आणि तेवढाच मोबदला मिळतो. कायम सरकारी नोकराचे हक्क त्यांना नाहीत. सन २००० च्या संपात, त्यांना खात्यात कायम करा, ही मोठी मागणी होती. २२ मे २०१८ ला ते पुन्हा संपावर गेले. सुमारे पंधरवडाभर खेड्यांतल्या कचेऱ्या बंद राहिल्या. ६ जून २०१८ ला सरकारने त्यांचा मोबदला वाढवला. डाक सेवकाला चार तासांच्या कामाला महिना निदान १०,००० रुपये ठरले. १२ डिसेंबर २०२३ ला, नाताळाच्या तोंडावर, त्यांनी पुन्हा संप केला. कायम करण्याची मागणी अजून सुटलेली नाही.

संपाच्या दिवसांचा पगार सहसा मिळत नाही. आमच्या गावचा टपालवालाही तेव्हा बिनपगारी घरी बसला होता. त्याच्या घरीही सण होता. आपले पार्सल अडले, म्हणून आपला राग खरा. त्याचे पोट अडले, म्हणून त्याचा संपही खरा. त्याला चोर म्हणणे मात्र बरोबर नाही.

मग आपण काय करावे?

एक. टपालासारख्या सेवेत संप करायचा, तर निदान चौदा दिवस आधी नोटीस द्यावी लागते. कायदा तसे सांगतो. म्हणून संपाची बातमी बहुधा आधी कळते. सणाआधी वर्तमानपत्र वाचत जा. आता तुम्हाला वाचता येते!

दोन. सणाचे पार्सल निदान तीन आठवडे आधी धाडा. चकली, शंकरपाळे टिकतात. ओल्या नारळाचे पदार्थ धाडू नका. फटाके टपालाने पाठवायला बंदीच आहे.

तीन. पत्ता स्वच्छ लिहा. पिनकोड लिहा. पिनकोडाची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून आहे. पालघरचा ४०१४०४, बोईसरचा ४०१५०१, तारापूरचा ४०१५०२. शिवाय घेणाऱ्याचा मोबाइल नंबर घाला.

चार. पावती जपून ठेवा. तिच्यावरच्या नंबराने पार्सल कुठे आहे ते मोबाइलवर पाहता येते. गावची कचेरी बंद असली, तरी बोईसर-पालघरची उघडी असू शकते. पावती घेऊन तिथे चौकशी करा.

पाच. औषध असेल, तर संपाच्या दिवसांत टपालावर विसंबू नका. जाणाऱ्या-येणाऱ्या माणसाबरोबर धाडा. खाजगी कुरिअर त्या गावी जाते का, हे पैसे भरण्याआधी विचारा.

काकूंचे पार्सल संक्रांत झाल्यावर पोहोचले. लाडू कडक झाले होते. स्वेटर मात्र अंगी लागला. मुलाचे पत्र घेऊन टपालवाला दारी आला, तेव्हा काकूंनी त्याला ओट्यावर बसवून चहा दिला. पार्सल खाल्ल्याची गोष्ट दोघांनीही काढली नाही.

आता वही घ्या. आपल्या दूरच्या माणसाचा पत्ता पिनकोडासह लिहून पाहा. दिवाळीला तो उपयोगी पडेल.