'तारण' म्हणजे नेमकं काय? ख्रिस्ती श्रद्धेतली मुक्ती समजून घेऊया पंडिता रमाबाईंच्या आयुष्यातून

फुलंब्रीसारख्या तालुक्याच्या गावात 'तारण' हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. सोनेतारण कर्ज, शेतमाल तारण कर्ज हे रोजच्या व्यवहारातले शब्द आहेत. पण चर्चमध्ये किंवा गुड फ्रायडेच्या एखाद्या पोस्टमध्ये 'येशूने आपलं तारण केलं' असं वाचलं, की अनेकांचा गोंधळ होतो. इथे तारण म्हणजे काय? कुणी, कुणाला, कशातून सोडवलं?

गंमत म्हणजे बँकेतलं तारण आणि चर्चमधलं तारण एकमेकांपासून फार लांब नाहीत.

मुळात हा शब्द व्यवहारातलाच

बायबलमधली मुक्तीची कल्पना बाजार, शेती आणि गुलामगिरीच्या जगातून आली आहे.

जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाच्या 25व्या अध्यायात एक नियम आहे. एखाद्याने गरिबीमुळे जमीन विकली, तर त्याच्या जवळच्या नातेवाइकाने पैसे भरून ती सोडवून घ्यावी. कर्जापायी कुणी स्वतःलाच विकून घेतलं असेल, तर भावाने, चुलत्याने किंवा चुलतभावाने त्याला सोडवावं. अशा सोडवणाऱ्या नातलगाला हिब्रू भाषेत 'गोएल' म्हणतात.

यात दोन गोष्टी आहेत. अडकलेला माणूस स्वतःच्या बळावर सुटू शकत नाही. आणि त्याला सोडवणारा परका नसतो, रक्ताच्या नात्यातला असतो.

नव्या करारात हीच कल्पना येशूला लावली आहे. मार्कच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो, की आपण सेवा करून घ्यायला नाही, तर सेवा करायला आणि पुष्कळांच्या सुटकेसाठी स्वतःचा जीव द्यायला आलो आहोत. तिथला मूळ ग्रीक शब्द आहे 'लुत्रोन', म्हणजे गुलाम किंवा कैदी सोडवण्यासाठी मोजलेली रक्कम. काही मराठी भाषांतरांत त्यासाठी 'खंडणी' हा शब्द आला. आज खंडणी म्हटलं की गुन्हेगारीची बातमी आठवते. पण इथे अर्थ उलटा आहे. ही किंमत धमकावून उकळलेली नाही, स्वतःहून मोजलेली आहे.

सुटका कशातून?

ख्रिस्ती श्रद्धेनुसार माणूस पापाच्या ताब्यात असतो. पाप म्हणजे फक्त चोरी किंवा खोटं बोलणं नव्हे. चांगलं काय ते कळतं, पण वळत नाही, ही अवस्थाही त्यात येते. संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या 7व्या अध्यायात ही ओढाताण सविस्तर मांडली आहे.

म्हणून ही मुक्ती तीन पातळ्यांवर सांगितली जाते: अपराधाच्या ओझ्यातून, पापाच्या पकडीतून आणि शेवटी मृत्यूच्या भीतीतून.

ही मुक्ती आणि मोक्ष एकच का? शब्द जवळचे वाटतात, पण चौकट वेगळी आहे. मोक्षाची कल्पना साधारणपणे जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटण्याशी जोडलेली आहे. ख्रिस्ती मुक्ती देव आणि माणूस यांच्यातलं तुटलेलं नातं पुन्हा जुळण्याशी जोडलेली आहे, आणि ते माणसाच्या कमाईने नाही तर देवाच्या कृपेने होतं असं मानतात.

किंमत नेमकी कुणाला दिली, या प्रश्नावर मात्र ख्रिस्ती विचारवंतांमध्येही शतकानुशतकं वाद झाले. काही प्राचीन लेखक सैतानाला म्हणत. अकराव्या शतकात अ‍ॅन्सेल्मने ते नाकारलं आणि देवाच्या न्यायाची पूर्तता हा मुद्दा मांडला. त्यानंतर अ‍ॅबेलार्डने भर दिला तो क्रुसावर दिसलेल्या प्रेमाने माणूस बदलतो यावर.

रमाबाईंना मुक्ती कधी मिळाली?

महाराष्ट्रात हा विषय ज्यांनी अक्षरशः जगून दाखवला, त्या म्हणजे पंडिता रमाबाई (1858–1922).

संस्कृत विद्वान अनंतशास्त्री डोंगरे यांच्या या मुलीने दुष्काळात आईवडील गमावले. पुढे कलकत्त्यात त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' हे किताब मिळाले. 1882 मध्ये पती वारले. 1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तिथे समाजाने टाकलेल्या स्त्रियांना ख्रिस्ती भगिनी मायेने सांभाळतात, हे पाहून त्या हलून गेल्या. 29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पण गोष्ट इथे संपत नाही. आपल्या साक्षीत रमाबाई सांगतात, की बाप्तिस्म्यानंतरही पापाचं ओझं मनावर होतंच. धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. केवळ विश्वासाने क्षमा मिळते, हे त्यांना आतून पटलं ते सुमारे 8 वर्षांनी. धर्माचं नाव बदलणं आणि मुक्तीचा अनुभव येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा त्यांच्या साक्षीचा गाभा आहे.

दरम्यान, चर्चच्या अधिकाऱ्यांपुढेही त्यांनी मान तुकवली नाही. पुरोहितांचं एक जोखड टाकल्यावर दुसरं घेणार नाही, अशा आशयाचं त्यांनी 1885 मध्ये इंग्लंडमधल्या आपल्या मार्गदर्शक भगिनींना कळवलं. श्रद्धा हवी, पण विवेक गहाण ठेवून नको.

आतली मुक्ती, बाहेरचं काम

11 मार्च 1889 रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केलं. ते पुढे पुण्याला हललं. तिथल्या काही मुली ख्रिस्ती धर्माकडे वळू लागल्यावर 1893 मध्ये मोठं वादळ उठलं. रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे सुधारक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. शिक्षणाच्या नावाखाली धर्मांतर होतंय, हा आक्षेप होता. मुलींना स्वतःहून प्रार्थनेत बसायचं असेल तर मी दार बंद करणार नाही, अशी रमाबाईंची भूमिका होती. हा वाद आजही ओळखीचा वाटेल.

1896–97 च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणि स्त्रिया वाचवून आणल्या. दौंडजवळच्या केडगावला त्यांच्यासाठी वस्ती उभी राहिली. तिचं नाव 'मुक्ती'. इथे प्रार्थना होती, तसंच शेती, विणकाम आणि छापखानाही होता. अंध मुलींना ब्रेल शिकवलं जाई. साध्या बायकांना समजेल अशा मराठीत मूळ हिब्रू आणि ग्रीकमधून रमाबाईंनी बायबलचं भाषांतर केलं. ते त्यांच्या मृत्यूनंतर, 1924 मध्ये प्रसिद्ध झालं. केडगावचं हे काम आजही सुरू आहे.

मग मोकळीक म्हणजे वाटेल ते करणं?

'सगळी पापं माफ, मग काहीही करा' असा टोमणा सोशल मीडियावर नेहमी दिसतो. हा प्रश्न पहिल्या शतकातच विचारला गेला होता, आणि पौलाचं उत्तर स्पष्ट 'नाही' असं होतं. गलतीकरांस पत्राच्या 5व्या अध्यायात तो म्हणतो, की स्वातंत्र्य मिळालंय ते प्रेमाने एकमेकांची सेवा करण्यासाठी. 1520 मध्ये मार्टिन ल्यूथरनेही हेच मांडलं: ख्रिस्ती माणूस कुणाचाही गुलाम नाही, आणि तरीही सगळ्यांचा सेवक आहे.

सोडवलेली जमीन पडीक ठेवायची नसते, ती पुन्हा कसायची असते. ख्रिस्ती श्रद्धेतलं तारणही तसंच आहे. ही श्रद्धा तुम्हाला मान्य असो वा नसो, पुढच्या वेळी तो शब्द कानावर आला तर त्यामागे कर्ज, सुटका आणि जवळचा नातलग अशी तीन चित्रं आहेत, एवढं लक्षात ठेवा.