पोलादी चमचे-काट्यांची पारख

चांदीची पारख आमच्या वाचकांस नवी नाहीं. जुने स्टेनलेसचे चमचे, काटे व सुऱ्या मात्र डोळे झांकून मोडींत घातल्या जातात. या वस्तूंचें मोल धातूंत नसून घडणींत आणि घडविणाऱ्याच्या नांवांत आहे, हें ध्यानांत ठेवावें.

डेन्मार्कचे वास्तुविशारद आर्ने याकोबसेन यांनीं १९५७ सालीं कोपनहेगन येथील एका नव्या हॉटेलाकरितां आंखलेला संच उदाहरणार्थ घेऊं. त्यावर वेलबुट्टी नाहीं, कंगोरा नाहीं. सडपातळ दांडा हीच त्याची शोभा.

प्रथम दांड्याची मागील बाजू पहावी. कारखान्याचें नांव बहुधा तेथेंच ठोकलेलें असतें. या संचावर आरंभीं ए. मिकेलसेन यांचा शिक्का असे, पुढें जॉर्ज जेन्सन यांचा आला. नमुना तोच, काळ शिक्क्यावरून कळतो.

‘१८/८’ म्हणजे शेंकडा १८ भाग क्रोमियम व ८ भाग निकेल. अशा चमच्यास लोहचुंबक फारसा चिकटत नाहीं. सुरीस चिकटला, तर मात्र तिला हलकी समजूं नये. धार टिकावी म्हणून तिचें पोलादच निराळें असतें. शेवटीं काट्याच्या दात्यांमधून नख फिरवावें. उत्तम कामांत तेथेंही खरखर लागत नाहीं.

चकाकीवर भुलूं नये. फार घांसल्यानें मूळचा मंद पोत जातो व किंमतही उतरते. मोडवाल्याच्या तराजूंत टाकण्यापूर्वीं प्रत्येक चमचा एकदां उलटा करून पहावा, एवढेंच आमचें सांगणें आहे.