संकासुराचें भय

फाल्गुन आला म्हणजे रत्नागिरीकडील खेड्यांत शिमग्याचे खेळे निघतात. दुरून घुंगरांचा नाद कानीं येतो आणि अंगणांतलीं मुलें आजीच्या पदराआड दडतात. संकासुर आला! काळा झगा, उंच निमुळती टोपी, काळ्या मुखवट्यावर लोंबणारी पांढरी दाढी. माणसाची मुद्रा कोठेंच दिसत नाहीं. भयाचें मूळ त्यांतच आहे.

वेद चोरणारा व मत्स्यावतारीं विष्णूच्या हातून मेलेला पुराणांतला शंखासुर तो हाच. कोंकणांत मात्र या दैत्यापुढें लोक नवस बोलतात.

झग्याआड असतो गांवचाच एखादा शेतकरी, किंवा मुंबईहून रजा काढून आलेला चाकरमानी. भर उन्हांत घरोघर नाचावयाचें, आणि कोणास किती भिववावें याचें तारतम्यहि राखावयाचें. धीट पोराचा तो पाठलाग करतो. तान्हें मूल रडूं लागलें कीं दोन पावलें मागें सरतो. खरी कला ती हीच.

अमेरिकेंत ऑक्टोबर महिन्यांत पैसे देऊन लोक गवत भरलेल्या गाड्यांत बसतात आणि वाटेंत वेषधारी नट त्यांस दचकवितात. तेथें भिवविणारा बहुधा परका. येथें तो उद्यां आपल्याच बांधावर भेटावयाचा.

म्हणून वर्षभर "संकासुराला देईन" असा धाक मुलांस घालूं नये. त्यांना हातीं धरून ओटीवर आणावें, सोंगाची कथा सांगावी आणि त्यांच्याच हातून खेळ्यांस शिधा देववावा. भ्यालेला हात पुढें होतो, त्या क्षणीं भय सरतें.